ताणशैथिल्य व सजगता

दैनंदिन व्यवहारात शरीरावर व मनावर साचणारा ताण बुद्धिपुरस्सर उतरविण्याच्या साध्या क्रियांना ताणशैथिल्य म्हणतात. चालू क्षणी जे घडत आहे, मग तो श्वास असो, स्पर्श असो, आवाज असो वा मनात उठलेला विचार असो, त्याकडे बरेवाईट न ठरविता लक्ष ठेवण्याच्या सवयीला सजगता म्हणतात. पहिली कल्पना मुख्यतः शरीरक्रियाविज्ञान व योगाभ्यास यांतून, तर दुसरी बौद्ध साधनेतून पुढे आली. प्रत्यक्ष आचरणात मात्र दोहोंची सरमिसळ होते. कारण सावकाश श्वास घेणाऱ्याचे लक्ष श्वासाकडे जातेच आणि श्वासाकडे लक्ष देणाऱ्याचा श्वास बहुधा आपोआप मंदावतो.

विश्रांती व शैथिल्य या दोन गोष्टी एक नव्हेत. आरामखुर्चीत पडून राहिलेल्या माणसाचा जबडा आवळलेला, खांदे वर ओढलेले आणि कपाळावर आठ्या असू शकतात व त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. झोपेतही दात खाणारी माणसे आढळतात. शैथिल्य हे पोहण्यासारखे कौशल्य असून ते निवांत वेळी सरावाने शिकावे लागते. बुडू लागल्यावर ते शिकता येत नाही. रोजची पाच-दहा मिनिटे आणि काही आठवड्यांचे सातत्य एवढेच भांडवल त्यास लागते. साधने, विशिष्ट पोशाख किंवा खर्चिक शिबिर यांची आवश्यकता नसते.

ताणाची शारीरिक बाजू : अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन (१८७१–१९४५) यांनी भीती, क्रोध, भूक व वेदना यांच्या वेळी शरीरात होणाऱ्या फेरफारांवरील आपला ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. संकट दिसताच प्राणी लढण्यास वा पळण्यास सिद्ध होतो. अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होऊन अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त पचनेंद्रियांकडून स्नायूंकडे वळते आणि यकृतातील साखर रक्तात उतरते. १९३६ मध्ये हान्स सेल्ये (१९०७–८२) यांनी माँट्रिऑल येथील प्रयोगांवरून असे दाखविले की, इजेचे स्वरूप कोणतेही असो, ती दीर्घकाळ टिकल्यास शरीराची प्रतिक्रिया पुष्कळशी एकाच साच्याची असते. या दीर्घ प्रतिक्रियेत अधोथॅलॅमस, पोष ग्रंथी व अधिवृक्क ग्रंथीचे बाह्यक यांची साखळी कार्य करते आणि कॉर्टिसॉल या हॉर्मोनाची पातळी वाढते. भौतिकीतील ‘ताण’ ही संज्ञा वैद्यकात रूढ होण्यास सेल्ये यांचे लेखनच प्रामुख्याने कारणीभूत झाले.

ताण स्वभावतः अनिष्ट नाही. परीक्षेपूर्वीची धडधड किंवा रंगमंचावर पाऊल ठेवतानाची थरथर कामास उपकारकच ठरते. अडचण अशी की, थकलेला कर्जाचा हप्ता, वरिष्ठांचे खरमरीत पत्र किंवा रुग्णालयाच्या ओसरीवरील प्रतीक्षा यांवर लढणे वा पळणे हा इलाज नसतो. शरीर मात्र तयारी तीच करते आणि ती न वापरताच राहते. ही अवस्था दिवसेंदिवस चालू राहिली म्हणजे निद्रानाश, डोकेदुखी, पाठीचे दुखणे, चिडचिड, अपचन अशा तक्रारी सुरू होतात. अनुकंपी तंत्राच्या उलट काम करणारे परानुकंपी तंत्रिका तंत्र शरीरात असतेच. त्याच्या कार्यास वाट करून देणे हे ताणशैथिल्याच्या बहुतेक पद्धतींचे इंगित आहे. हृदयाचे ठोके किंवा रक्तदाब माणसाला थेट इच्छेने बदलता येत नाहीत. परंतु स्नायू, श्वास आणि अवधान ही तीन दारे त्याच्या हाती असतात.

स्नायूंचे शैथिल्य : अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन (१८८८–१९८३) यांनी आपल्या क्रमिक शैथिल्याच्या पद्धतीवरील शास्त्रीय ग्रंथ १९२९ मध्ये आणि सामान्य वाचकांसाठीचे पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा पहिला पाठ आजही कोणास करून पाहता येतो. उताणे निजून हात अंगाशेजारी सैल सोडावेत आणि एका हाताचा पंजा मनगटातून मागे वाकवावा. अशा वेळी कोपरापुढच्या भागात एक अस्पष्ट ओढ जाणवते. ती काही सेकंद न्याहाळून पंजा एकदम सोडून द्यावा आणि ओढ विरत जाते तिकडे लक्ष द्यावे. याच रीतीने दंड, पाय, पोट, मान व चेहरा यांचे स्नायू घ्यावेत. पंजा वाकविणे हा येथे उपचार नव्हे. ताठरपणा कसा लागतो याची ओळख पटविण्यापुरतेच त्याचे प्रयोजन आहे. ओळख पटल्यावर बसच्या रांगेत उभे असतानाही आवळलेला जबडा किंवा उचललेले खांदे ध्यानात येतात व सैल सोडता येतात. जेकबसन यांचे शिक्षण फार लांबलचक असे. जोसेफ वोल्पे यांनी पुढे मानसोपचारासाठी त्याचे संक्षिप्त रूप प्रचारात आणले.

भारतीय परंपरेत ही दृष्टी जुनी आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाच्या सिद्धीसाठी ‘प्रयत्नशैथिल्य’ सांगितले असून हठयोगप्रदीपिकेत शवासनाचे प्रयोजन श्रमपरिहार व चित्ताची विश्रांती असे दिले आहे. या अभ्यासाची प्रयोगशाळेत तपासणी करण्याचा आरंभही महाराष्ट्रातच झाला. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केले. मुंबईतील हृद्‍रोगतज्ञ के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी अतिरक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील अनेकांचा रक्तदाब उतरला आणि काहींची औषधाची गरज कमी झाली. इंग्लंडमध्ये वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या चंद्रा पटेल यांनी १९७३ व १९७५ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकातून अशाच प्रकारचे निष्कर्ष मांडले. त्यांतील दुसऱ्या अभ्यासात ३४ रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी करून तुलना केलेली होती. आजच्या निकषांनी हे अभ्यास लहानच म्हणावे लागतात. तथापि योगाच्या बाजूने केवळ अनुभवाची ग्वाही दिली जात असण्याच्या काळात रक्तदाबमापकाचा आकडा पुढे ठेवण्याचे श्रेय त्यांस आहे. शवासन हे योगासनांपैकी सर्वांत सोपे समजले जाते, हा मात्र गैरसमज होय. हातपाय पसरणे सोपे असते, ते खरोखर टाकून देणे अवघड.

श्वसन : प्रौढ व्यक्ती विश्रांतीत दर मिनिटास सु. १२ ते २० श्वास घेते. श्वास आत घेताना हृदयाचा वेग किंचित वाढतो व सोडताना तो उतरतो; हा उतार प्राणेशा तंत्रिकेच्या द्वारे होतो. म्हणूनच उच्छ्वास लांबविला असता शरीर शांततेकडे झुकते. चार सेकंद श्वास घेणे आणि सहा सेकंद सोडणे असा क्रम ठेवल्यास मिनिटास सहा श्वास होतात. ही गती विशेष महत्त्वाची आहे. कारण रक्तदाबाच्या नैसर्गिक चढउतारांचे आवर्तनही सु. दहा सेकंदांचेच असते आणि श्वास त्याच्याशी जुळला म्हणजे रक्तदाबाचे नियमन करणाऱ्या प्रतिक्षेपी क्रियेची संवेदनशीलता वाढते.

लुचानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केलेला एक अभ्यास या संदर्भात मनोवेधक आहे. लॅटिनमधील मेरीमातेची जपमाळ आणि ‘ॐ मणिपद्मे हूँ’ हा मंत्र यांचे पठण २३ व्यक्तींकडून करवून घेतले असता, दोन्ही वेळा त्यांचे श्वसन मिनिटास जवळजवळ सहाच्या गतीला आले. परस्परांपासून दूरच्या दोन धर्मपरंपरा एकाच लयीला येऊन पोहोचल्या. जपमाळ ओढणाऱ्या वृद्धेला रक्तदाबाशी काही कर्तव्य नसते, हे खरेच. परंतु तिला लाभणाऱ्या शांततेचा एक धागा शरीरातूनही जातो. हार्व्हर्ड विद्यापीठातील हर्बर्ट बेन्सन (१९३५–२०२२) यांनी भावातीत ध्यान करणाऱ्यांची तपासणी करून १९७५ मध्ये ‘शैथिल्य-प्रतिसाद’ ही कल्पना मांडली. शांत जागा, सुखद बैठक, मनात घोळविण्यास एखादा शब्द आणि विचार आले तरी त्यांच्याशी झगडा न करण्याची वृत्ती, या चार गोष्टी त्यांनी पुरेशा मानल्या. शब्द कोणता असावा याविषयी त्यांचा आग्रह नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोज पाच मिनिटे, महिनाभर, श्वास दोन टप्प्यांत आत घेऊन लांब उसासा सोडण्याची क्रिया लोकांकडून करविली. मनःस्थिती सुधारण्यात ती तेवढ्याच वेळेच्या सजगतेच्या ध्यानाहून सरस ठरली. दिवसभराच्या श्रमानंतर माणूस ‘हुश्श’ करून बसतो, त्याचेच हे शिस्तबद्ध रूप म्हणता येईल.

‘खोल श्वास घ्या’ हा प्रचलित सल्ला अपुरा आहे. घाईघाईने मोठे श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरलेला माणूस अधिकच घाबरतो. श्वास मोठा नव्हे, सावकाश असावा.

सजगता : पाली भाषेतील ‘सति’ (संस्कृत ‘स्मृति’) हा या कल्पनेचा मूळ शब्द. मज्झिमनिकायातील सतिपट्ठान सुत्तात शरीर, वेदना, चित्त व धर्म अशी अवधानाची चार क्षेत्रे सांगितली असून चालणे, उभे राहणे, खाणे-पिणे, वस्त्र नेसणे या साध्या क्रियाही त्यांत स्पष्टपणे समाविष्ट आहेत. सजगता ही बैठकीपुरती नसून दिवसभराच्या व्यवहारात पाळावयाची आहे, ही आधुनिक वाटणारी सूचना अशी मुळातच आहे. मराठी वाचकांस बौद्ध समाधिमार्गाचा परिचय गोमंतकातील पंडित धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी करून दिला. ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन (१८९९–१९७१) यांच्याकडे विपश्यना शिकलेले सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) १९६९ मध्ये भारतात आले. नासिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे १९७६ मध्ये त्यांचे केंद्र सुरू झाले. तेथील दहा दिवसांच्या मौन शिबिरात आरंभी श्वासाचे व पुढे अंगावरील संवेदनांचे निरीक्षण करावयास शिकवितात. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅचूसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत, दीर्घकाळ दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम आखला व त्यातून धार्मिक परिभाषा वगळली. आज सजगता या नावाने जगभर जे शिकविले जाते, ते बव्हंशी या कार्यक्रमाच्या वळणाचे असते. अशा वर्गांतील एक प्रसिद्ध पाठ म्हणजे एक मनुका हातात घेऊन तिच्या सुरकुत्या, वास व चव यांची दखल घेत ती सावकाश खाणे हा होय.

मनुकेऐवजी भाकरीचा पहिला घास किंवा सकाळच्या चहाचे पहिले चार घोट चालतात. स्नानाच्या वेळी पाण्याचा स्पर्श, जिना चढताना तळव्यांवर येणारा भार, भांडी घासताना राखेचा वा साबणाचा खरखरीतपणा, लोकलगाडीत उभे असताना रुळांचा ठेका, यांपैकी एखादेच निमित्त निवडावे व रोज तेच ठेवावे. थोड्याच वेळात मन उद्याच्या कामाकडे अथवा कालच्या भांडणाकडे निघून जाते. ते गेल्याचे ध्यानात येणे आणि ते परत आणणे, हाच अभ्यास होय. दहा मिनिटांत मन पन्नास वेळा गेले व पन्नास वेळा आणले, तर तो अभ्यास वाया गेला असे नाही. मन कोरे करणे हे सजगतेचे उद्दिष्ट आहे, या समजुतीमुळे अनेक जण आठवड्याभरात ती सोडून देतात. मॅथ्यू किलिंग्जवर्थ व डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांकडून भ्रमणध्वनीवर दिवसातून अधूनमधून माहिती घेतली, तेव्हा विचारलेल्या वेळांपैकी ४६·९ टक्के वेळा मन हातातील कामावर नव्हते आणि अशा वेळी लोक कमी आनंदी होते. भटकणे हा मनाचा रोग नसून नित्याचा स्वभाव असल्याचे यावरून दिसते.

घरकामास सजगतेचे साधन म्हणून गौरविण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. तिच्याबाबत तारतम्य बाळगणे इष्ट. पहाटे जाते ओढणाऱ्या स्त्रियांनी आपली दुःखे ओव्यांतून मोकळी केली आणि जात्याच्या लयीने त्यांस आधार दिला, हे खरे. पण ते दळण विश्रांतीसाठी नव्हते. भांडी घासणे हा ज्याला वेळ मिळाला तर करावयाचा विरंगुळा आहे त्याचा अनुभव आणि ज्या स्त्रीला त्यातून सुटका नाही तिचा अनुभव एक धरता येत नाही. तिच्यासाठी ते काम दुसऱ्या कोणीतरी वाटून घेणे हा अधिक सरळ उपाय ठरतो.

याखेरीज नियमित चालणे, पुरेशी झोप, मित्रांशी बोलणे आणि मनातील सल कागदावर उतरविणे हे उपायही परिचित आहेत. शेवटचा उपाय जेम्स पेनबेकर यांनी १९८६ पासून प्रयोगांनी तपासला. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, क्लेशदायक अनुभवाविषयी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस त्या वेळी उदास वाटले. पुढील काही महिन्यांत मात्र ते आजारपणासाठी वैद्यांकडे कमी वेळा गेले.

परिणामकारकता : या पद्धतींविषयी अतिरंजित दावे पुष्कळ केले जातात. माधव गोयल व इतरांनी २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा (एकूण ३,५१५ व्यक्ती) आढावा घेतला. चिंता, अवसाद व वेदना यांत सजगतेच्या ध्यानाने माफक सुधारणा होते, याला मध्यम प्रतीचा पुरावा आढळला. परंतु व्यायाम, औषधे यांसारख्या अन्य उपायांहून ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. ज्यांना अवसादाचे तीन वा अधिक झटके येऊन गेले आहेत अशांमध्ये, सजगतेवर आधारित बोधनिक उपचारामुळे झटका उलटण्याचे प्रमाण घटल्याचे २००० मधील चाचणीत दिसून आले. अमेरिकेत २७६ चिंताग्रस्त रुग्णांवर केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांचा सजगतेचा कार्यक्रम एस्सिटॅलोप्राम या औषधाच्या तुलनेत कमी ठरला नाही. उलट, ब्रिटनमधील आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरील २०२२ च्याच मोठ्या चाचणीत वर्गात सरसकट शिकविलेल्या सजगतेचा नेहमीच्या शिक्षणाहून अधिक लाभ दिसला नाही. पुष्कळ मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ज्याला गरज वाटते आणि जो सराव करतो, त्याला लाभ होतो, असा याचा अर्थ लावता येईल.

ताणाचे मूळ परिस्थितीत असेल, तर या उपायांना मर्यादा पडतात. लंडनमधील सरकारी नोकरांच्या १९६७ पासूनच्या पाहणीत सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचे हृद्‍रोगाने मरण्याचे प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सु. तिप्पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब इ. ज्ञात कारणांनी या तफावतीचा काही अंशच उलगडत होता. ताण हा जबाबदारीच्या पदांवरील माणसांचा रोग आहे, या लोकप्रिय समजुतीस त्यामुळे धक्का बसला. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, कामाचा बोजा मोठा आणि ते कसे करावे हे ठरविण्याची मुभा थोडी, अशी सांगड सर्वांत जाचक ठरते. कामाचे तास, वेतन, नोकरीची शाश्वती व वरिष्ठांची वागणूक यांत काहीच न बदलता कामगारांना ध्यानाचा वर्ग देणारी आस्थापना आपली जबाबदारी त्यांच्या श्वासावर ढकलीत असते.

दक्षता : अतिरक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधे शैथिल्याच्या अभ्यासामुळे बरे वाटू लागले म्हणून आपल्याच विचाराने बंद करू नयेत, ती कमी करावयाची असल्यास वैद्याने मोजमाप करूनच करावीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी खिन्नता, अन्नपाण्यावरील वासना उडणे, भास होणे किंवा आत्महत्येचे विचार या स्थितीत श्वसनाचे पाठ पुरेसे नसतात आणि मानसोपचारतज्ञाकडे जाणे अगत्याचे ठरते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ हा असून तीवर प्रादेशिक भाषांतही सल्ला मिळतो. मोठ्या आघातातून गेलेल्या किंवा पूर्वी चित्तविकृतीचा झटका येऊन गेलेल्या व्यक्तींनी दीर्घ मौन शिबिरात वैद्यांच्या सल्ल्यावाचून बसू नये. काही लोकांना डोळे मिटून शांत बसताच छातीत धडधड व भीती वाटू लागते. हा अनुभव विरळा नाही आणि तो सराव चुकल्याचे लक्षणही नव्हे. अशांनी डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीवर टेकवून बसावे, लक्ष श्वासाऐवजी खोलीतील वस्तूंकडे किंवा रस्त्यावरील आवाजांकडे द्यावे आणि वेळ दोन मिनिटांपासून सुरू करावा. तेही न साधल्यास बसण्याऐवजी सावकाश चालत पावलांकडे लक्ष ठेवावे.